नववीला एनसीसी की सोशल सर्व्हिस?

जूनमध्ये शाळा सुरू झाली की वरच्या वर्गातल्या मुलांच्या हाती ॲक्टिव्हिटीचा फॉर्म पडतो आणि ओळखीतल्या एखाद्या पालकाचा मला फोन येतो. माझगाव, फोर्ट, वांद्रे, माटुंगा, मुंबईतली कॅथलिक बॉइज स्कूल कुठलीही असो, प्रश्न तोच: एनसीसी घ्यावी की सोशल सर्व्हिस? स्काऊटची मुलं बहुतेक वेळा लहानपणापासून स्काऊटमध्येच असतात, त्यांना हा पेच पडत नाही. मी अशाच एका शाळेत शिकलो. आठवीत एनसीसीत होतो, नववीत ती सोडून सोशल सर्व्हिसच्या, म्हणजे सेवा गटात गेलो. म्हणून माझं मत तटस्थ आहे असं म्हणणार नाही, पण दोन्हीकडचं आतून पाहिलेलं आहे.

एनसीसीची ओढ खरी असते. खाकी, बेरे टोपीवरचा लाल हॅकल म्हणजे तुरा, ड्रिल, नकाशावाचन, पॉइंट टू टू रायफल आणि दहा दिवसांचा कॅम्प. घर सोडून कधी न राहिलेला मुलगा कॅम्पहून परतला की स्वतःचं ताट स्वतः घासतो, हे माझ्या आईनेही मान्य केलं होतं. ज्युनिअर डिव्हिजनचं, म्हणजे शाळकरी मुलांच्या विभागाचं प्रशिक्षण दोन वर्षांचं, शेवटी ‘ए’ सर्टिफिकेटची परीक्षा, आणि त्या परीक्षेला बसायचं तर परेडची ७५ टक्के हजेरी लागते. ज्याला पुढे एनडीएत जाऊन लष्करी अधिकारी होण्याची स्वप्नं पडतात, त्याने खुशाल एनसीसी घ्यावी, त्याच्यासाठी तुलनेची गरजच नाही. दहावीच्या सवलतीच्या गुणांवर मात्र डोळा ठेवून येऊ नये. नुसत्या परेडला उभं राहणाऱ्या प्रत्येकाला ते मिळत नाहीत; नियम काय आहेत ते शाळेतल्या एनसीसी अधिकाऱ्यांना आधी विचारून घ्यावं.

माझं मन उडालं ते वाट पाहण्याने. पहिली सहामाही छान गेली. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेत समारंभ सुरू झाले: स्पोर्ट्स डे, ॲन्युअल डे, शाळेच्या संताचा सण म्हणजे फीस्ट डे, मग २६ जानेवारी. प्रत्येक समारंभाला पाहुणे, आणि प्रत्येक पाहुण्याला सलामी. पाहुणे साडेनऊला येणार म्हणून आम्ही आठपासून गेटजवळ रांगेत. बुटांना पॉलिश, बकलला ब्रासो, शर्टाची इस्त्री मोडू नये म्हणून बसायचं नाही. गाडी यायला उशीर झाला की पुन्हा सावधान, पुन्हा विश्राम. शेवटी पाहुणे यायचे, मिनिटभरात आमच्यासमोरून चालत जायचे, आणि आमचं काम संपायचं. त्या दिवशीचा नकाशावाचनाचा तास बुडालेला असायचा, आणि पुढच्या शनिवारी पुढच्या समारंभाची रंगीत तालीम. उन्हात उभं राहण्याचा त्रास मला फारसा वाटला नाही. सलत राहिलं ते हे, की माझी सकाळ अशा माणसासाठी राखून ठेवली होती, ज्याला मी तिथे आहे की दुसरा कोणी, याने काहीच फरक पडत नव्हता. वाट पाहणं हाही शिस्तीचा भाग आहे असं आमचे सर सांगत. बरोबरच्या काही मुलांना ते मनापासून पटलं, त्यातला एक आज लष्करात आहे. प्रत्येक शाळेत असंच होतं असा माझा दावा नाही. चांगला अधिकारी मिळाला तर प्रशिक्षणाचे तास बुडत नाहीत, असंही ऐकतो.

सेवा गटाची कुळकथा थोडी माहीत असावी, म्हणजे ही शाळेने वेळ भरायला काढलेली गोष्ट नाही हे लक्षात येतं. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेदरिक ओझानाम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने मित्रांसोबत गरीब कुटुंबांच्या घरी जायला सुरुवात केली. सेंट व्हिन्सेंट द पॉल सोसायटी त्यातूनच उभी राहिली, आणि घरी जाऊन भेटणं हेच आजही तिचं मुख्य काम आहे. जेझुइट या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघाच्या शाळांपुरतं बोलायचं तर ३१ जुलै १९७३ हा दिवस महत्त्वाचा. त्या दिवशी स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात माजी विद्यार्थ्यांसमोर जेझुइटांचे प्रमुख फादर पेद्रो आरुपे यांनी स्वतःलाच विचारलं, आम्ही तुम्हाला न्यायासाठी घडवलं का? आणि प्रामाणिकपणे उत्तर दिलं की नाही. समोर चांगल्या घरांतली, चांगल्या हुद्द्यांवरची माणसं बसली होती. ‘दुसऱ्यांसाठी जगणारी माणसं’ हे जेझुइट शाळांत सतत कानावर पडणारं वाक्य त्याच भाषणातलं.

आमचा गट शनिवारी सकाळी चर्चमागच्या एका खोलीत वस्तीतल्या मुलांचा अभ्यास घ्यायला जायचा. परेडचीही वेळ तीच, त्यामुळे दोन्ही करणं शक्य नव्हतं. पहिले काही आठवडे आम्ही अगदीच निरुपयोगी होतो. मुलं महापालिकेच्या मराठी शाळांतली, आम्ही इंग्रजी माध्यमातले. भागाकार येत होता, पण मराठीतून समजावता येत नव्हता. माझ्या वाट्याला पाचवीतला एक मुलगा आला होता. एका शनिवारी तापामुळे मी गेलो नाही. पुढच्या खेपेला पाहिलं तर त्याने दोन गणितांची जागा वहीत कोरी सोडली होती. दुसऱ्या दादाने सोडवून देतो म्हटलं तरी दिली नव्हती. तेव्हा कळलं की इथे मी गेलो नाही तर काहीतरी अडतं. परेडमध्ये मला हे कधीच वाटलं नव्हतं.

आता उणी बाजू. सेवा गटाचं ठोस सर्टिफिकेट नसतं. सगळं एखाद्या फादरवर किंवा शिक्षिकेवर उभं असतं, आणि त्यांची बदली झाली की गट ढेपाळतो. काही ठिकाणी सेवा म्हणजे केवळ मोहिमा: धान्य गोळा करा, कपडे गोळा करा, नाताळला वृद्धाश्रमात गाणी म्हणा, फोटो काढा, परत या. कपड्यांच्या मोहिमेत मुलांचा अर्धा वेळ फाटके, चेन तुटलेले कपडे वेगळे काढण्यातच जातो. दर वेळी नवी जागा असेल तर आजी-आजोबांना दर वेळी नव्या मुलांना स्वतःचं नाव सांगावं लागतं. असल्या सेवेपेक्षा एनसीसी कितीतरी बरी.

हिंदू घरांतले पालक हळूच विचारतात, तिथे प्रार्थना करावी लागते का? माझा अनुभव असा, की ख्रिस्ती मुलांना कॅटेकिझम, म्हणजे धर्मशिक्षण असतं त्या तासाला आम्हाला मॉरल सायन्स असायचं, आणि सेवा गटात सगळे एकत्र असायचे. सुरुवातीला एक छोटी प्रार्थना व्हायची. मी हात जोडून उभा राहायचो, त्यापलीकडे कोणी काही मागितलं नाही.

वेळेचा हिशेबही पाहा. दहावीला क्लास आणि प्रिलिममुळे काहीच जमत नाही, म्हणजे खरं वर्ष नववीचंच. एनसीसी आठवीतच सुरू केली नसेल तर नववीत उशिरा शिरून ‘ए’ सर्टिफिकेट दहावीत ओढत न्यावं लागतं. सेवा गटात एक वर्ष पूर्ण मिळतं, आणि साधारण ऑगस्टपर्यंत मुलगा तिथे रुळतो.

फॉर्म भरण्याआधी शाळेत जाऊन एकच गोष्ट विचारा: मुलं वर्षभर त्याच ठिकाणी, त्याच माणसांकडे जातात का? ‘नाही, दर महिन्याला वेगळा उपक्रम असतो’ असं उत्तर आलं, तर एनसीसीवर खूण करा आणि निश्चिंत राहा. ‘हो’ म्हणाले, तर मुलाला एकदा त्या ठिकाणी नेऊन आणा. तोही तयार असेल, तर मी सेवा गटच घेईन.