दातांच्या फुकट स्कॅनच्या नावाखाली ६५,१७९ रुपये गेले. बेळगावकरांनो, अलायनरच्या कॅम्पला जाण्याआधी वाचा

बुकिंगचे १०,०००, प्रोसेसिंग फी जीएसटीसकट १,१७९ आणि ४,५०० चे बारा हप्ते. एकूण ६५,१७९ रुपये. एवढे पैसे मोजून माझ्या धाकट्या बहिणीला आज ज्वारीची भाकरी चावता येत नाही.

टिळकवाडीतल्या एका हॉलमध्ये अलायनरचा, म्हणजे वाकडे दात सरळ करायला घालायच्या पारदर्शक प्लास्टिक ट्रेंचा, कॅम्प होता. फुकट स्कॅन, मग स्क्रीनवर तिचे वाकडे दात हळूहळू सरळ होतानाचा व्हिडिओ, आणि 'ताई, हा रेट फक्त आजच्यापुरता' हे ठरलेलं वाक्य. आणि आम्ही पैसे भरले.

माझा खरा संताप होतो तो एक क्षण आठवून. बहिणीनं स्वतःहून सांगितलं की ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येतं. मी विचारलं, एक्स-रे कुठे काढायचा? कॅम्पमधला माणूस म्हणाला, 'सर, एक्स-रेची गरज नाही, सॉफ्टवेअर सगळं बघतं.' तिथेच उठायला हवं होतं. स्कॅनरला दाताचा फक्त वरचा भाग दिसतो. मूळ आणि हाड एक्स-रेशिवाय दिसत नाही. हिरड्यांचा आजार आधी बरा न करता दात सरकवले तर हाड आणखी झिजतं आणि दात हलायला लागतात. हे आज मला माहीत आहे. पण त्या दिवशी पांढरा कोट घालून, गळ्यात ओळखपत्र अडकवून समोर बसलेला माणूस डॉक्टरच नाही, हे सामान्य माणसानं कसं ओळखायचं? आणि 'संमतीसाठी ओटीपी सांगा' म्हणून जो ओटीपी घेतला, तो कर्जाचा होता. मेसेजमध्ये फायनान्स कंपनीचं नाव होतं, पण तो मेसेज वाचायला वेळ देतंय कोण!

ट्रे सगळे एकदम कुरिअरनं आले. एका ट्रेनं दात साधारण पाव मिलीमीटर सरकतो. उद्यमबागेत मशीनवर काम करणाऱ्या मला पाव मिलीमीटर म्हणजे काय ते कुणी शिकवायला नको. तेवढ्या फरकानं मशीनवर बनवलेला जॉब, म्हणजे सुटा भाग, रिजेक्ट होतो. बहिणीनं रोज बावीस तास ट्रे घातले, जेवताना आणि दात घासतानाच काढले. तरी सुळ्याच्या टोकाशी ट्रे आणि दात यांच्यात उघड फट दिसायला लागली. म्हणजे दात ट्रेबरोबर येत नव्हता. फोटो पाठवला तर व्हॉट्सअॅपवर उत्तर आलं, 'नॉर्मल आहे, पुढचा ट्रे सुरू करा.' असं कुणी सांगितलं तर अजिबात ऐकू नका. ट्रे नीट बसत नसेल तर पुढे जायचंच नसतं. गोल सुळा नुसत्या प्लास्टिकनं सहसा फिरत नाही, त्यावर दाताच्या रंगाची छोटी बटणं चिकटवावी लागतात. ती चिकटवणार कोण? कुरिअरवाला?

शेवटी गावातल्या ऑर्थोडॉन्टिस्टकडे, म्हणजे वाकडे दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञ डॉक्टरकडे नेलं. मॅडमनी मागच्या दातांमध्ये, दात टेकतील तिथे डाग उमटवणारा निळा कागद ठेवला, दात घट्ट मिटायला सांगितलं आणि कागद ओढला. तो अलगद निघून आला, दातांवर एक ठिपकासुद्धा उमटला नाही. कारखान्यात आम्ही दोन भाग एकमेकांना नीट टेकतात का ते बघायला निळा रंग लावतो, अगदी तसं. मागचे दात एकमेकांना टेकतच नव्हते. खालचा पुढचा एक दात बोटानं हलत होता. आता हिरड्यांच्या उपचाराचे ६,५०० आणि तारेचे ४२,००० वेगळे.

आणि तक्रारीचं काय झालं ते ऐका. पोलीस ठाण्यात मराठीतला अर्ज हातातसुद्धा घेतला नाही, 'कन्नडात आणा.' कोर्टाबाहेर ३०० रुपये देऊन कन्नडात टाईप करून आणला. मग बिल बघून म्हणाले, 'बिल कोल्हापूरचं हाय, तिकडंच जावा की.' कोल्हापुरात म्हणाले, तुम्ही कर्नाटकातले, घटना कर्नाटकातली, आमच्याकडे कशाला आलात? बिलावर पत्ता महाराष्ट्राचा, कॅम्प कर्नाटकात, कर्ज देणारा तिसरीकडेच. सीमाभागातल्या माणसानं फसल्यावर दाद मागायची कुठे? आरोग्य खात्याच्या कार्यालयात म्हणे डॉक्टरचं नाव आणि नोंदणी क्रमांक द्या. अहो, डॉक्टरच नव्हता, हीच तर तक्रार आहे! फायनान्सवाल्यांचं एकच पालुपद, ट्रीटमेंटशी आमचा संबंध नाही, हप्ता चुकला तर सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत, खराब होईल. बहिणीचं सिबिल जाऊ नये म्हणून एकही हप्ता चुकवला नाही, आणि तेच पैसे आज डोळ्यांदेखत बुडालेत.

अमेरिकेतल्या स्माईलडायरेक्टक्लब या घरपोच अलायनर कंपनीनं सप्टेंबर २०२३ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली आणि डिसेंबरात गाशा गुंडाळला. लोकांचे दात अर्धवट, आणि हप्ते मात्र भरत राहा म्हणून सांगितलं. तिथे ही गत, तर आपल्याला कोण विचारतो?

अलायनर वाईट नाहीत. नीट तपासून, योग्य केसमध्ये दिले तर दात सरळ होतात. पण एक्स-रे न काढता पैसे मागणाऱ्याला एक रुपया देऊ नका. बीडीएस या दातांच्या डॉक्टरच्या पदवीनंतर ऑर्थोडॉन्टिक्समध्ये एमडीएस ही पुढची पदवी घेतलीय का ते विचारा, नोंदणी क्रमांक बिलावर लिहून घ्या. बेळगावात दोन दंत महाविद्यालयं आहेत, आधी तिथे दाखवा. ओटीपी देण्याआधी मेसेज शेवटपर्यंत वाचा. आणि दात सरळ झाल्यावरही ते जागेवर धरून ठेवणारा रिटेनर घालावाच लागतो, नाहीतर दात परत फिरतात. त्याचे पैसे पॅकेजमध्ये आहेत का ते लेखी घ्या.

पोलीस हाकलतील, पण ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, बिल कुठलंही असो. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही, मुदत दोन वर्षं. ग्राहक हेल्पलाईन १९१५. आम्ही कागद जमवतोय. एकाच प्रकारे फसलेल्यांना आयोगाच्या परवानगीनं एकत्र तक्रार करता येते. त्या हॉलमध्ये बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगडकडची पुष्कळ मंडळी रांगेत होती. ज्यांनी पैसे भरलेत त्यांनी बिल, कर्जाचा मेसेज आणि व्हॉट्सअॅपवरचं बोलणं पुसू नका, आणि आमच्याबरोबर या.