मुलांच्या हातात टिकणारी केबल : ब्रेडेड की सिलिकॉन?

चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांसाठी चार्जिंग केबल घेताना खरे पर्याय दोनच उरतात : नायलॉनच्या विणीची ब्रेडेड केबल किंवा मऊ सिलिकॉनची. साध्या प्लास्टिक आवरणाची केबल या वयाला पुरत नाही, म्हणून ती बाजूला ठेवतो. आमच्या घरी दोन्ही प्रकार वापरून झालेत आणि मुलांची सवय एकच आहे : फोन चार्जिंगला लावायचा आणि तसाच हातात घेऊन लोळायचं.

केबलचं आयुष्य ठरतं ते या लोळण्यावर. पिन घालून-काढून सहसा खराब होत नाही. टाइप-सीच्या मानकात १०,००० वेळा काढघाल गृहीत धरलेली आहे. फोन पोटावर टेकवला की वायर पिनेच्या मागे, अगदी केबलच्या मानेशी (पिन आणि वायर जुळतात तिथे) दुमडते आणि फोनचा भारही तिथेच येतो. आतल्या तांब्याच्या तारा बारीक असतात. त्याच जागी पुन्हा पुन्हा वाकल्या की तांबं कडक होतं आणि एकेक तार तुटत जाते.

ब्रेडेड केबल ओढाताण चांगली सोसते. खुर्चीचं चाक वरून गेलं, दप्तरात कोंबली, तरी आवरणाला काही होत नाही. पण मला तिचा त्रास नेमका इथेच झाला. आतून तुटली तरी बाहेरून ती नव्यासारखीच दिसते. मग सुरू होतं ‘अशी धरली की चार्ज होते’. मुलं फोनखाली वही सरकवून तो कोन सांभाळतात, आपल्याला काही सांगत नाहीत, आणि रात्री लावलेला फोन सकाळी अर्धाच भरलेला असतो. आधी संशय चार्जरवर जातो, मग फोनच्या सॉकेटवर. केबलकडे लक्ष जातं सगळ्यात शेवटी. शिवाय बऱ्याच ब्रेडेड केबल ताठ असतात, त्यामुळे फोन हलला की त्या पिनेलाच रेटतात.

सिलिकॉनची केबल सैल पडून राहते. मानेशी ती तीव्र दुमडत नाही, मोठा बाक घेते. तारा तिच्याही तुटतात, पण आमच्याकडे बऱ्याच उशिरा तुटल्या. तिचे दोषही आहेत : धूळ आणि केस चिकटतात, धारदार कड लागली तर आवरण चिरतं. पण चीर निदान डोळ्यांना दिसते.

आवरण कोणतंही घ्या, फोनकडची पिन एल आकाराची असेल तर उत्तम. फोन आडवा धरून गेम खेळताना वायर फोनच्या कडेलगत जाते, तळहातात रुतत नाही. टाइप-सी उलटसुलट कशीही बसते, त्यामुळे एल हवा त्या बाजूला वळवता येतो. चुंबकी पिनेचा मोह मलाही झाला होता, कारण ओढ बसली की ती आपोआप सुटते. पण ती यूएसबीच्या मानकात नाही आणि चार्जिंगचा वेगही बरेचदा कमी मिळतो.

लांबी शक्यतो दोन मीटर घ्यावी. आखूड केबल पलंगापर्यंत ताणली जाते आणि ताण पुन्हा मानेवरच येतो. फक्त लांब केबल फार बारीक नको, नाहीतर चार्जिंग मंदावतं. फोनसाठी ६० वॉटची सहसा पुरते. मात्र काही कंपन्यांचं जलद चार्जिंग त्यांच्याच केबलवर पूर्ण वेगाने चालतं, ते आधी पाहून घ्या.

घरात वायर कुरतडणारं मांजर असेल किंवा केबल टेबलावर लॅपटॉपलाच लागून राहणार असेल, तर ब्रेडेड घ्यायला माझी हरकत नाही. पलंगावरच्या फोनसाठी मात्र मी सिलिकॉनचीच घेतो, आणि घेताना पिनेमागची रबरी मान लांब आहे ना, बोटाने सहज वाकते ना, एवढं बघतो.