काळा घोडा महोत्सव: रस्त्यावर अर्धा तास, बाकीचा वेळ सभागृहांना

काळा घोडा कला महोत्सव १९९९ पासून दक्षिण मुंबईत भरतो. जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला, शनिवारपासून पुढच्या रविवारपर्यंत. म्हणजे नऊपैकी चार दिवस सुट्टीचे, आणि नेमके तेच टाळायचे. प्रवेश फुकट आहे. त्या फुकटाची किंमत शनिवारी संध्याकाळी सहाला महोत्सवाच्या मुख्य रस्त्यावर, रॅम्पार्ट रोवर कळते. आधी बॅग तपासायची रांग, मग खांद्याला खांदा घासत चालणं. मांडणशिल्पं बघायला नव्हे, त्यांच्याबरोबर फोटो काढायलाच बहुतेक लोक आलेले असतात. शिल्पाखालची माहितीची पाटी वाचायची असेल तर मंगळवार-बुधवारी दुपारी बारा-एकला जा. ऊन लागतं, पण पाटी दिसते.

स्टॉलवरची हस्तकला चांगली असते, स्वस्त नसते. गर्दीत मोबाइलचं नेटवर्क अडकतं आणि क्यूआर कोडवरचं चाक नुसतं गरगरत राहतं. पाचशे-हजाराची रोख जवळ ठेवा. सुटे असतील तर आणखी बरं.

खरा महोत्सव आजूबाजूला आहे. डेव्हिड ससून वाचनालयाच्या मागच्या बागेत साहित्याचे कार्यक्रम होतात. झाडाखालच्या खुर्च्या मोजक्या, आणि वक्ता इतका जवळ की कागद उलटल्याचाही आवाज येतो. क्रॉस मैदानावर नाच-गाण्याचा मोठा मंच असतो. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक चालत नाही, त्यामुळे सुरुवात लांबली की कात्री शेवटच्या गाण्यांना लागते. मोठ्या कलाकारासाठी नऊला पोचणं म्हणजे अर्धा कार्यक्रम घालवणं.

स्टँड-अप कॉमेडीचं गणित वेगळं आहे. विनोदाला छप्पर लागतं. बंद खोलीत हसू भिंतींवर आपटून परत येतं, शेजारचा हसला की आपणही हसतो. मोकळ्यावर तेच हसू हवेत विरतं. कलाकाराला प्रतिसाद ऐकू येत नाही, तो घाईने पुढच्या वाक्यावर उडी मारतो आणि त्यात बसचा हॉर्न नेमका पंचलाइनवर पडतो. म्हणून कार्यक्रमपत्रिकेत वेळ बघण्याआधी जागा बघा. सभागृह असेल तर पाऊण तास आधी रांगेत उभे राहा, कारण खुर्च्या संपल्या की दार बंद. उघडा मंच असेल तर पुढच्या चार-पाच ओळींत बसा, नाहीतर सोडून द्या. आणि बहुतेक विनोद हिंदी-इंग्रजी मिसळीतला असतो. आईबाबांना मराठी ऐकायचं असेल तर पत्रिकेत मराठी कार्यक्रम वेगळा शोधावा लागतो.

वारसा-फेऱ्या आणि कार्यशाळांना आधी नोंदणी लागते, तीही पत्रिका आल्या आल्या.

गाडी आणू नका. रस्ता बंद असतो, पार्किंग मिळत नाही. मेट्रो तीनचं हुतात्मा चौक स्थानक सगळ्यात सोयीचं. चर्चगेट किंवा सीएसएमटीहून पंधरा-वीस मिनिटं चालायचं. रविवारी मध्य आणि हार्बरवाल्यांनी मेगाब्लॉक पाहूनच निघावं. स्वच्छतागृहाची सोय गर्दीच्या मानाने तोकडीच, तेव्हा ते काम आत शिरण्याआधीच उरका.

मुलांना घोडा दाखवायचा असेल तर २०१७ साली बसवलेला, स्वार नसलेला घोड्याचा पुतळा महोत्सवाच्या परिसरातच आहे. ज्यावरून नाव पडलं तो इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड पाठीवर असलेला घोडा मात्र १९६५ पासून भायखळ्याच्या राणीच्या बागेत आहे.