घरबसल्या रिक्रूटर व्हा म्हणणाऱ्यांपासून सांभाळा

कोल्हापूर-सांगली पट्ट्यात व्हॉट्सॲपवर एक जाहिरात फिरते आहे. 'एचआरचा अनुभव आहे? फ्रीलान्स रिक्रूटर व्हा. नामांकित कंपन्यांच्या व्हेकन्सी आमच्या पोर्टलवर. तुम्ही फक्त कँडिडेट द्या, कमिशन थेट खात्यात.' पोर्टलचं नाव मधूनमधून बदलतं, मजकूर तोच राहतो. या लोकांनी माझे पैसे घेतले, आणि माझं नाव सांगून माझ्या ओळखीच्या पोरांचेही घेतले. त्यातलं दुसरं मला जास्त लागलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, मी बरीच वर्षं एचआर, म्हणजे माणसं भरायचं काम, सांभाळलं. फेटलिंगची (ओतलेले भाग घासून साफ करणारी) माणसं, सीएनसी-व्हीएमसी या कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशिनचे ऑपरेटर, क्वालिटीची पोरं, गोकुळ शिरगावपासून कागलच्या फाइव्ह स्टार एमआयडीसीपर्यंत कोण कुठं आहे आणि कुणाला बदल हवाय, हे मला माहीत असतं. घरच्या कारणानं नोकरी सोडल्यावर हेच काम कमिशनवर करायचं ठरवलं. हा धंदा खोटा नाही, हे आधी सांगते. कंपनी पोर्टलवर व्हेकन्सी टाकते, रिक्रूटर माणूस शोधून देतो, माणूस रुजू झाला की कंपनी फी देते. आपल्याकडं ती बहुधा वार्षिक सीटीसीच्या (कंपनी त्या माणसावर वर्षाला करते त्या एकूण खर्चाच्या) ८.३३ टक्के, म्हणजे एक महिन्याचा पगार. तीन लाखांच्या सीटीसीवर २४,९९० रुपये. त्यातला हिस्सा पोर्टल ठेवतं, उरलेला आपला. आणि तोही लगेच मिळत नाही. माणूस मध्येच सोडून गेला तर बदली माणूस द्यावा लागतो, त्याची मुदत साधारण ६० किंवा ९० दिवसांची असते. ती संपल्याशिवाय बऱ्याच ठिकाणी पैसे सुटत नाहीत.

आता या जाहिरातवाल्यांची पद्धत बघा. नोंदणीला २,९९९ रुपये 'रिफंडेबल डिपॉझिट'. ते भरलं की डॅशबोर्ड उघडतो आणि त्यावर चाकण-रांजणगावच्या ओळखीच्या कंपन्यांची ओपनिंग दिसतात. सीव्ही टाकला की दुसऱ्या दिवशी 'शॉर्टलिस्टेड', आणि त्याच दिवशी पोर्टलवरच्या आपल्या वॉलेटमध्ये कमिशन जमा. माणूस अजून मुलाखतीलाही गेलेला नसतो. सीव्हीबरोबर आधार, पॅन आणि पासबुकच्या पहिल्या पानाचा फोटो लागतो, 'बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन'साठी. खऱ्या कंपनीत हे कागद निवड झाल्यावर मागतात, आणि कंपनी ते स्वतः उमेदवाराकडून घेते.

वॉलेटमधले पैसे काढायला गेलं की टीडीएस आणि जीएसटी 'आगाऊ' भरायला सांगतात. हे धादांत खोटं आहे. टीडीएस म्हणजे उगमावरच कापायचा आयकर. तो पैसे देणारा आपल्या रकमेतून कापून घेतो आणि सरकारकडं भरतो, तो आपल्याकडून वेगळा कुणी मागत नाही. जीएसटीचं म्हणाल, तर सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सर्वसाधारणपणे नोंदणीही सक्तीची नसते. हे मी त्यांना फोनवर ऐकवलं, तेव्हा 'मॅडम, सिस्टिम अप्रूव्ह करत नाही' एवढंच उत्तर आलं आणि माझं खातं ब्लॉक झालं.

इथवर नुकसान माझ्या एकटीचं होतं. पुढच्याच आठवड्यात, ज्याचा सीव्ही मी टाकला होता त्या कागलकडच्या एका पोराचा फोन आला. गोकुळ शिरगावात कंत्राटावर व्हीएमसी चालवतो, चाकणला जायची त्याची फार इच्छा.

"मॅडम, पैसं भरलं की. सोमवारी जॉइनिंग न्हवं?"

"कसले पैसे रे?"

"मेडिकल आन् युनिफॉर्मचं. साडेचार हजार. तुमचंच नाव सांगितलं त्यांनी, म्हनून भरलं."

वडिलांनी दुधाच्या बिलातनं दिले होते. त्यानं ऑफर लेटर पाठवलं, ते मी ओळ न ओळ वाचलं. बेसिक ११,००० आणि पीएफ कपात १,८००. पीएफ साधारणपणे बेसिकच्या (महागाई भत्ता असेल तर तोही धरून) १२ टक्के असतो, म्हणजे १,३२० हवा. १,८०० हा आकडा पीएफसाठीच्या १५,००० पगाराच्या मर्यादेवरचा, कुठल्या तरी दुसऱ्या पत्रातून उचललेला. एकूण पगार १९,५००, तरी ईएसआयचा (कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याचा) रकाना नाही, आणि २१,००० पर्यंतच्या पगाराला ईएसआय लागू असते. खाली सही 'एचआर हेड'ची आणि ईमेल जीमेलचा. खऱ्या कंपनीचा लोगो तेवढा ठळक. मी कंपनीच्या वेबसाइटवरच्या नंबरावर फोन केला. असं ओपनिंगही नव्हतं आणि त्या नावाचं माणूसही नव्हतं.

म्हणजे माझं डिपॉझिट ही त्यांच्या दृष्टीनं किरकोळ कमाई. त्यांना हवी होती माझी ओळख. अनोळखी माणसानं पैसे मागितले तर आपली पोरं दहा वेळा विचार करतात, पण 'तुमच्या मॅडमनी नाव पाठवलंय' म्हटलं की भरतात. म्हणूनच जाहिरातीत एचआरचा अनुभव मागतात, नवशिक्याची माणसांशी अशी ओळख नसते. शिकलेली बाई कशी फसली, असं मला दोघा-तिघांनी विचारलं. मला त्यात लाज वाटत नाही. ठरवून रचलेला हा गुन्हा आहे आणि लाज रचणाऱ्यांना वाटायला हवी.

मी ज्यांचे सीव्ही पाठवले होते त्या प्रत्येक पोराला त्याच संध्याकाळी फोन केले. ज्यांनी भरले होते त्यांना लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार करायला लावली, आणि cybercrime डॉट gov डॉट in या सरकारी पोर्टलवरही. इथं वेळ फार महत्त्वाचा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत तक्रार गेली तर बँक ते गोठवू शकते. यूपीआयचा व्यवहार क्रमांक, ऑफर लेटर, चॅटचे स्क्रीनशॉट सगळं जपून ठेवा, चिडून चॅट डिलीट करू नका. कागलच्या पोराचे काही पैसे समोरच्या खात्यात अडकलेले सापडले, ते परत मिळवायची प्रक्रिया चालू आहे. बाकीच्यांचे पुढं गेले होते.

एक गोष्ट बायकांना आणि नव्यानं या कामात येणाऱ्या मुलामुलींना मुद्दाम सांगते. याच डॅशबोर्डवर दुबई आणि कतारची वेअरहाउसची ओपनिंगही होती. परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवायची तर १९८३ च्या एमिग्रेशन (परदेशगमन) कायद्याखाली नोंदणी लागते. नोंदणीकृत एजंटांची यादी सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर आहे, आणि त्यांनाही उमेदवाराकडून ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी याहून जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. कुणाच्या सांगण्यावरून आपण असे सीव्ही गोळा केले तर उद्या पोलिसांच्या कागदावर आपलंच नाव येईल.

मी अजूनही हेच काम करते. फक्त आता कंपनीचा जीएसटी नंबर सरकारी साइटवर तपासते, कंपनीच्या स्वतःच्या ईमेलवरून व्हेकन्सी आणि फीच्या अटी लेखी आल्याशिवाय एकही सीव्ही पाठवत नाही, आणि प्रत्येक पोराला आधीच सांगते की माझ्या नावानं कुणी एक रुपया मागितला तर भरू नको, मला फोन कर. परवा तीच जाहिरात नव्या नावानं राजारामपुरीतल्या एका मैत्रिणीला आली. या वेळी डिपॉझिट १,४९९ आहे, आणि खाली लिहिलंय, 'कागल, हातकणंगले, शिरोळसाठी पार्टनर हवेत.'