दोनशिक्षकी शाळेसाठी वर्षभराचं मार्गदर्शन: पैसे भरावेत का?

माझी शाळा गगनबावडा तालुक्यात आहे. पहिली ते चौथी, पट 23, शिक्षक दोन. त्यातली मी एक, आणि मुख्याध्यापकपदाचा प्रभारही माझ्याकडेच. गेल्या वर्षी कोल्हापुरातल्या निवृत्त मुख्याध्यापकांच्या एका गटाकडून आम्ही दोघांनी मार्गदर्शन घेतलं. शाळेमागे 4,500 रुपये, ते आम्ही निम्मे निम्मे खिशातून भरले. त्यात शहरात चार बैठका, शाळेला सहा भेटी आणि दर पंधरवड्याला एक फोन.

पहिली बैठक वाया गेली. शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर 55 किलोमीटर एसटीनं जाऊन पोचलो. वक्त्यांनी शाहू महाराजांच्या 1917 सालच्या सक्तीच्या आणि मोफत शिक्षणाच्या हुकमापासून सुरुवात केली, ऐकून बरं वाटलं. पण ज्या खेड्यापाड्यांपर्यंत शाळा पोचावी म्हणून तो हुकूम निघाला, तिथल्या शाळेचा पुढं उल्लेखच नाही. सगळी उदाहरणं एका वर्गाला एक शिक्षक धरून. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात प्राथमिकला 60 पटापर्यंत दोनच शिक्षक, म्हणजे दोघांत चार वर्ग ही आमची तात्पुरती अडचण नव्हे, रोजची शाळाच तशी आहे. मी तिथंच उठून हे बोलले. पुढच्या तिन्ही बैठका बहुवर्ग अध्यापनावर, म्हणजे एकाच शिक्षकानं एका वेळी अनेक वर्ग शिकवण्यावर घेतल्या, हे मात्र त्यांचं मानायला हवं.

खरे पैसे वसूल झाले ते शाळाभेटीत.

ऑगस्टमध्ये त्यांच्यातल्या एक बाई आल्या आणि मुलांच्या मागं सतरंजीवर बसल्या. हातात चौकटी आखलेला एक कागद. मी चौथीला भागाकार शिकवत होते, तिसरीला हातच्याची वजाबाकी सोडवायला दिली होती. बाई दर दोन मिनिटांनी तिसरीची पोरं काय करताहेत ते टिपत होत्या. मधल्या सुट्टीत त्यांनी कागद माझ्यापुढं ठेवला. 40 मिनिटांतली 18 मिनिटं तिसरी पाटी पुढ्यात घेऊन माझी वाट बघत बसली होती. पोरं गप्प होती म्हणून मी समजत होते, काम चाललंय. माझी नोकरी 21 वर्षांची. शाळेच्या कागदपत्रांच्या तपासण्या कितीतरी झाल्या, पण हे मला कुणी दाखवलं नव्हतं. त्या दिवशी डोळ्यांत पाणी आलं, हे लिहायला मला संकोच नाही.

बाईंनी उपदेश केला नाही. एवढंच विचारलं, "उद्यापासून कुठली एकच गोष्ट बदलाल?" मग बसून ठरवलं. दोन्ही वर्गांना एका वेळी एकच विषय. सुरुवातीची दहा मिनिटं सगळे एकत्र, काड्यांचे गठ्ठे घेऊन. जो वर्ग अडण्याची शक्यता जास्त, त्याच्याजवळ मी आधी बसायचं. दुसऱ्या वर्गाला उदाहरणांची कार्डं, त्यांच्या मागं उत्तरं लिहिलेली. अडलं तर आधी गठ्ठे बघायचे, मग शेजारच्याला विचारायचं, मग मला.

सप्टेंबरच्या भेटीत तसाच कागद भरला. वाट बघण्याची मिनिटं 6. त्या दिवशी तिसरीतली एक मुलगी 52 वजा 27 करताना गठ्ठ्याचं रबर काढून शेजारणीला सांगत होती, "दोनातनं सात जाईनात, म्हणून ह्यो गठ्ठा सोडला. आता बारा झाल्या बघ." मी ते चौथीकडून ऐकत होते.

मुख्याध्यापक म्हणून मला सर्वांत अवघड जायचं ते सहकारी सरांच्या वर्गात जाऊन बसणं. नोकरीत आम्ही बरोबरीचे, तपासायला जायचं कुठल्या तोंडानं? फोनवर बाई म्हणाल्या, "सरांना बघू नका. मुलं काय करतात तेवढं टिपून आणा, आणि आधी सरांना तुमच्या वर्गात बोलवा." तसंच केलं. आता गुरुवारी अर्धा तास एकजण शिकवतो, दुसरा टिपतो. टिपणाऱ्याची मुलं त्याच खोलीत मागं वाचत बसतात. सर आता आपणहून कागद मागून घेतात.

दोन तक्रारी. जुलैची भेट पावसामुळं रद्द झाली आणि भरून दिली नाही, म्हणजे सहाचे पैसे घेऊन भेटी पाचच. आणि सोबत दिलेल्या पुस्तिकेत तक्तेच तक्ते. आधीच ऑनलाइन माहिती भरण्यात आमचा जीव जातो. आम्ही त्यातला निरीक्षणाचा एकच तक्ता वापरला, बाकीचे कपाटात आहेत.

गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरीकडच्यांनी नोंदणी करताना भेटींच्या तारखा आधी लिहून घ्याव्यात आणि जुलै टाळावा. आम्ही पुढच्या वर्षाचे पैसे भरलेत. पहिली भेट शाळा उघडेल त्याच आठवड्यात मागून घेतली आहे, आणि या खेपेला कागद घेऊन बाई सरांच्या पहिली-दुसरीत बसणार आहेत.