'तोम्बो नो मेदामा': जपानी बालगीतांच्या 1919 सालच्या पुस्तकाची हुबेहूब प्रत

अजिंठा-वेरूळला येणाऱ्या जपानी पाहुण्यांसोबत दुभाषी म्हणून मी बरीच वर्षे हिंडलो आहे आणि जपानी कवी किताहारा हाकुशू यांची बालगीते मी पहिल्यांदा ऐकली ती परतीच्या बसमध्ये, वयस्क पाहुण्यांच्या तोंडून. त्यांचा बालगीतांचा पहिला संग्रह 'तोम्बो नो मेदामा', म्हणजे 'चतुराचे (त्या पंखवाल्या किड्याचे) डोळे', 1919 साली निघाला. 1970च्या दशकात होल्प या प्रकाशनसंस्थेने जुन्या जपानी बालसाहित्याच्या हुबेहूब प्रती छापल्या, त्यांतली या संग्रहाची एक प्रत मी जपानमधल्या जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्याकडून छत्रपती संभाजीनगरला मागवली.

सुझुकी मिएकिची यांनी 1918 साली 'आकाइ तोरी' (लाल पक्षी) हे मुलांचे मासिक सुरू केले, तेव्हा जपानी शाळांमध्ये सरकारमान्य, उपदेशाने भरलेली गाणी गायली जात होती. मुलाला स्वतःच्या मनातले वाटेल असे गाणे मिळावे, या हट्टाने हाकुशू त्या मासिकात लिहू लागले. शीर्षकगीत वाचले की तो हट्ट कळतो. चतुराचे डोळे पृथ्वीच्या गोलासारखे आहेत, त्यांच्या आत हजारो चिमुकली माणसे राहतात आणि प्रत्येक जण आपापले भिंग घेऊन इकडेतिकडे डोकावत असतो. पावसाळ्याच्या अखेरीस आपल्या शिवारात चतुरांची झुंबड उडते. त्यांतला एखादा पंखांना धरून ज्याने डोळ्यांशी आणला असेल, त्याला त्या डोळ्यांतले बारीक ठिपके आठवतील आणि ही कल्पना मुळीच अवास्तव वाटणार नाही.

पुस्तक उजवीकडून डावीकडे उघडते. लिपी जुन्या वळणाची आहे. जपानी लेखनाचे नियम 1946 साली बदलले, त्यामुळे आजची जपानी शिकलेला वाचक इथे तसाच अडखळतो, जसा 1962च्या नियमांनंतर मराठी शिकलेला मुलगा जुन्या पुस्तकांतल्या न उच्चारल्या जाणाऱ्या अनुस्वारांपाशी थबकतो. चित्रकारांमध्ये शिमिझु योशिओ आहेत, 'आकाइ तोरी'ची मुखपृष्ठे रंगवणारे. चित्रांभोवती सोडलेली मोकळी जागा मला फार आवडली, कारण तिच्यामुळे ओळ वाचून झाल्यावर डोळा आपसूक थांबतो.

उन्हाळ्याच्या सुट्टीत लातूरहून आलेल्या बहिणीच्या नातीला मी यातले पावसाचे गीत मराठीत सांगितले. बाहेर पाऊस आहे, खेळायला जावेसे वाटते, पण छत्री नाही आणि खडावांचा लाल बंदही तुटला आहे, अशी त्यातल्या मुलीची तक्रार आहे. नातीने विचारले, "आजोबा, पाऊस पडतोय, मग ती रडते कशाला?" ज्या गावाला 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथल्या मुलीचा हा प्रश्न होता. आपण पावसाला पैसा देऊ करून बोलावतो आणि तिथली मुलगी त्याला कंटाळते. मी तिला उत्तर देत बसलो नाही, गीत पुन्हा एकदा सांगितले, आणि छत्री नसल्याचे दुःख तिला दुसऱ्या वेळी बरोबर कळले.

'सोनमासा' हे गीत मात्र मी तिला सांगितले नाही. आई बाहेर गेली आहे, येत नाही, आणि वाट पाहून कावलेले मूल एकामागून एक सोनमासे मारते; शेवटी संध्याकाळ होते आणि त्याला भीती वाटू लागते. हे गीत क्रूर आहे अशी टीका तेव्हाच झाली होती आणि हाकुशू यांनी त्याचा ठामपणे बचाव केला होता. ते वाचताना मला बीड जिल्ह्यातली ती मुले दिसत राहिली, ज्यांचे आईबाप ऊसतोडीला गेले की ती पाचसहा महिने आजीजवळ राहतात. त्यांच्या मनात काय साचत असेल, हे मुलांसाठी लिहिलेल्या गाण्यात इतक्या उघडपणे मी कधी वाचले नव्हते. हे गीत न गाळता आहे तसे छापले गेले, याच एका कारणासाठी मी ही प्रत जपून ठेवीन.

उणिवाही आहेत. आजच्या वाचकासाठी एकही टीप नाही आणि अक्षरांच्या बाजूला छापलेले उच्चार इतके बारीक आहेत की मला भिंग घ्यावे लागले. खेकडा न्हावी घाईत सशाचा कान कापतो त्या गीतात कात्रीचा आवाज ध्रुवपदासारखा परत येतो. तो मराठीत 'कचकच' म्हटला तर त्याची नाचरी चाल हरवते, म्हणून जपानी वाचता येत नसेल तर हे पुस्तक घेऊ नये. घेणाऱ्याने विक्रेत्याकडून शेवटच्या पानांचे छायाचित्र आधी मागवावे. हुबेहूब प्रतीत मूळ प्रकाशनाचे जपानी कालगणनेतले तैशो 8, म्हणजे 1919, हे सालही जसेच्या तसे छापलेले असते, आणि तेवढेच पाहून पहिल्या आवृत्तीची किंमत मोजण्याची चूक सहज होऊ शकते.