नाइट्स ऑफ कोलंबसचा फिश फ्राय: ताट कसं आणि पैसे कुठे जातात

ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या (लेंट) शुक्रवारी कॅथलिकांना मांस वर्ज्य, मासे चालतात. म्हणून अमेरिकेत क्लीव्हलँड, पिट्सबर्ग, मिलवॉकी या पट्ट्यात राखेचा बुधवार (उपवासकाळाचा पहिला दिवस) झाला की दर शुक्रवारी संध्याकाळी चर्चच्या हॉलांतून तळणीचा वास सुटतो. गुड फ्रायडेला बरेच जण चूल बंद ठेवतात, म्हणजे हंगाम सहा शुक्रवारांचा. तळलेल्या माशांच्या या जेवणांना फिश फ्राय म्हणतात, आणि त्यातले बरेच नाइट्स ऑफ कोलंबस ही कॅथलिक पुरुषांची संघटना चालवते. सभासद व्हायला कॅथलिक असावं लागतं, जेवायला कुणीही जावं.

ताट साधारण १२ ते १८ डॉलर. कॉड किंवा पोलॉकचे दोन-तीन तुकडे, फ्राइज, कोलस्लॉ, पाव. वसई-मालवणच्या जिभेला हे अळणीच लागणार. टार्टर सॉस आणि लिंबावर भागवायचं. पण कढईतून नुकताच निघालेला तुकडा, वरून कुरकुरीत आणि आत पाकळ्या सुटणारा, पैसे वसूल करून देतो.

सगळी गंमत तेलाच्या तापमानात आहे. ते १७५ ते १९० अंश सेल्सिअसवर टिकलं पाहिजे. गोठवलेल्या माशाचा बर्फ पूर्ण वितळू देऊन, तो कागदाने टिपून, कोरड्या पिठात घोळवून मग थंड बॅटरमध्ये बुडवावा लागतो. टिपायचं राहिलं तर आवरण तळतानाच सुटतं. तुकडा तेलात अर्धा धरून दोन-चार सेकंदांनी सोडला नाही, तर जाळीला चिकटतो. आणि साडेपाचला रांग वाढली की स्वयंसेवक घाईत जाळी गच्च भरतात, तेल एकदम निवतं, आवरण तेल पितं. त्यामुळे एकाच हॉलमध्ये पाच वाजताचं आणि साडेसहाचं ताट यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. दार उघडताच जावं. शेवटच्या अर्ध्या तासात कॉड संपलेला असण्याचीही शक्यता असते.

पार्सल शक्यतो नको. बंद डब्यात वाफ कोंडते आणि दहा मिनिटांत सगळं मऊ पडतं. न्यायचंच असेल तर झाकण अर्धवट उघडं ठेवा आणि कोलस्लॉ वेगळ्या वाटीत मागा.

शाकाहारी मंडळींनी एक लक्षात ठेवावं: फ्राइज बहुतेकदा माशाच्याच तेलात तळतात. मॅक अँड चीज किंवा बटाट्याचे पिरोगी (सारण भरलेले उकडीचे कणकेचे तुकडे, ओहायो-पेनसिल्व्हेनियात हमखास) हा बरा मार्ग. दारू टाळणाऱ्यांनी माशाच्या बॅटरमध्ये बिअर असते का, तेही विचारून घ्यावं.

आता पैशांचं. संघटनेच्या प्रत्येक स्थानिक शाखेला, म्हणजे काउन्सिलला, नंबर असतो. पहिला न्यू हेवनच्या सॅन साल्वादोर काउन्सिलचा. तिथल्याच सेंट मेरी चर्चचे साहाय्यक धर्मगुरू फादर मायकल मॅकगिव्हनी यांनी १८८१ च्या ऑक्टोबरमध्ये चर्चच्या तळघरात पहिली बैठक घेतली आणि २९ मार्च १८८२ रोजी संघटनेला कनेटिकट राज्याची सनद मिळाली. मॅकगिव्हनी सेमिनरीत शिकत असताना १८७३ मध्ये त्यांचे वडील वारले होते. कर्ता पुरुष गेला की घराचं काय होतं, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. म्हणून पहिली योजना विधवेसाठी: सभासद वारला की प्रत्येकाने एक डॉलर द्यायचा आणि त्यातून कुटुंबाला हजार डॉलरपर्यंत मदत. आजारी सभासदाला आठवड्याला पाच डॉलरपर्यंत, तेरा आठवडे. यात एक खोट होती. तरुण आणि म्हातारा, दोघांनाही सारखाच भार, त्यामुळे लवकर आलेला तरुण आयुष्यभरात जास्त भरायचा. आज त्याच मुळातून मोठी विमा कंपनी उभी आहे, पण तिची पॉलिसी फक्त सभासद आणि त्यांच्या कुटुंबांसाठी. फिश फ्रायचा तिच्याशी संबंध नाही.

ताटाचे पैसे बहुधा काउन्सिलच्या स्थानिक कामाला जातात: मुलांना हिवाळी कोट, व्हीलचेअर, बौद्धिक अपंगत्व असलेल्यांसाठी निधी. गर्भवतींच्या मदतकेंद्रांना अल्ट्रासाउंड यंत्र देण्याची योजनाही आहे. अर्धी रक्कम स्थानिक पातळीवर जमली की उरलेली अर्धी मुख्यालय घालतं. ही केंद्रं गर्भपाताच्या विरोधातली असतात, तेव्हा ते न पटणाऱ्याने आधीच विचारावं. चांगली काउन्सिलं गेल्या वर्षी कुठे किती दिले याचा कागद दाराशी लावतात. नुसतं ‘धर्मादाय कार्यासाठी’ एवढंच लिहिलं असेल, तर तिथल्या ग्रँड नाइटला (काउन्सिलच्या प्रमुखाला) खुशाल विचारा. ताटाची किंमत ही देणगी नव्हे, तिच्यावर करसवलतीची पावती मागू नये. दानपेटी वेगळी असते.

जाताना रोख रक्कम ठेवा. कार्ड सगळीकडे चालतंच असं नाही.